आपल्यामागे मनीचं काय?



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक काकी गेल्या. वय ६८. मूलबाळ नव्हतं, काकांना जाऊन १२ वर्षं झालेली. घरात काकी आणि तीन मांजरं. एक मनी, पिवळी-पांढरी. दुसरी तिची लेक, तिला काकी नुसतं 'बाय' म्हणायच्या. तिसरा एक काळा बोका, तो तसा कुणाचाच नव्हता, पण जेवणाच्या वेळेला न चुकता पडवीत हजर. बाजारातून मासळी आणली की काकी आधी डोकी आणि शेपट्या काढून ठेवायच्या, मग स्वतःची आमटी. गटाच्या बैठकीला आल्या तरी साडेपाच वाजले की उठायच्या. "चला, माझी माणसं वाट बघतायत."

काकी सोमवारी दवाखान्यात गेल्या आणि गुरुवारी तिथेच गेल्या. मुंबईहून पुतणे आले. सगळं रीतसर केलं, तेराव्याला गाव जेवू घातलं, घराला कुलूप लावलं आणि रातराणीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वहिनींना घरातून आवाज यायला लागला. बाय माजघरात माळ्यावर लपलेली होती. घरात इतकी अनोळखी माणसं आल्यावर मांजर लपणारच. कुलूप लावताना कुणी बघितलं नाही. वहिनींच्या मुलानं मागच्या बाजूची चार कौलं काढली आणि तिला बाहेर काढलं. संध्याकाळी मुंबईहून फोन, "आमच्या घराची कौलं काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

पुतण्यांना आम्ही वाईट म्हणत नाही. त्यांना माहीतच नव्हतं की काकींच्या घरात मांजर म्हणजे काय होतं. पण आमची स्वतःची चूक मात्र आम्हाला सांगायलाच हवी, कारण आजचा विषय त्या चुकीतूनच आला.

काकी दर बैठकीत म्हणायच्या, "मी गेले की माझे गटातले पैसे वहिनीला द्या, ती माझी मांजरं बघेल." आम्ही पंधरा जणींनी हे ऐकलेलं होतं. हसून "हो हो, देऊ" म्हटलेलं होतं. काकींची गटातली बचत निघाली १८,४०० रुपये. रजिस्टर उघडलं तर वारसाच्या रकान्यात नाव काकांचं. बारा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं. आम्ही दर महिन्याला त्याच पानावर सही घेत होतो आणि वर कुणी बघितलं नाही. ते पैसे शेवटी पुतण्यांना द्यावे लागले. वहिनींना एक रुपया मिळाला नाही. आज मनी आणि बाय त्यांच्याकडे आहेत, त्या स्वतःच्या खिशातून करतायत.

त्यानंतर बायका विचारायला लागल्या. गटात तर विचारलंच, पण या रेडिओवरच्या कार्यक्रमातही फोन आले. मांजराच्या नावावर पैसे ठेवता येतात का? मृत्युपत्रात मांजर लिहिता येतं का? लोक हसतील का? तेव्हा आम्ही तालुक्याच्या वकीलताईंकडे दोन वेळा जाऊन बसलो, समजून घेतलं, आणि आज ते तुमच्यापुढे मांडतोय.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. हसणारे हसतील. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ ला गेले, त्यानंतर त्यांच्या मृत्युपत्राच्या बातम्या सगळ्या पेपरांत आल्या. त्यात त्यांच्या टिटो नावाच्या कुत्र्याची सोय केलेली होती, हे तुम्हीही वाचलं असेल. त्यांना कुणी हसलं नाही. मग काकींना का हसावं? पण त्या बातमीतली एक गोष्ट आमच्या बायकांच्या नजरेतून सुटली. बऱ्याच जणींनी एवढंच लक्षात ठेवलं की 'कुत्र्याला पैसे ठेवले'. बातमीत होतं ते असं, की त्या कुत्र्याला सांभाळायचं काम त्यांच्याकडे अनेक वर्षं स्वयंपाकाला असलेल्या माणसावर सोपवलं होतं. म्हणजे एवढा मोठा माणूस, हाताशी एवढे वकील, तरी सोय करायची तर शेवटी एक माणूसच शोधावा लागला.

कारण कायदा असा आहे. आपल्या देशात मांजर मालक होऊ शकत नाही. कायद्याच्या नजरेत मांजर ही आपली वस्तू आहे, जशी शेळी, जसं शिलाई मशीन. वस्तूला वस्तू देता येत नाही. 'माझे वीस हजार रुपये मनीला द्यावेत' असं लिहिलं तर ते घ्यायला मनी बँकेत जाणार नाही, आणि तिच्या वतीनं जायचा हक्क कुणालाच नाही. ट्रस्ट करू म्हणावं, तर १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा सांगतो की ज्याच्यासाठी ट्रस्ट करायचा, तो मालमत्ता धारण करू शकणारा हवा. मांजर तिथेही बाहेरच. अमेरिकेत तशी सोय आहे. तिथे लिओना हेल्म्सली नावाच्या हॉटेलवाल्या बाई २००७ साली गेल्या आणि त्यांनी आपल्या कुत्रीसाठी १ कोटी २० लाख डॉलर ठेवले होते. कोर्टानं ते कमी करून २० लाखांवर आणले. असो. आपल्या १८,४०० चं बघू.

मांजराला देता येत नाही, पण मांजर देता येतं. ती वस्तू आहे ना, मग ती वस्तू आपण मृत्युपत्रानं एखाद्या माणसाला देऊ शकतो, आणि त्याच माणसाला तिच्या सांभाळासाठी पैसेही देऊ शकतो. मांजर आणि पैसे एकाच हातात. काकींनी हे एका कागदावर लिहिलं असतं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर वहिनींना ते पैसे मिळाले असते आणि पुतण्यांचाही फोन आला नसता.

तोंडी सांगितलेलं का चाललं नाही? पंधरा साक्षीदार होते की! तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र लेखीच लागतं. तोंडी मृत्युपत्राची सवलत आहे ती लढाईवरच्या सैनिकांना वगैरे. आपल्याला नाही. मुस्लिम भगिनींसाठी नियम वेगळे आहेत. त्यांच्यात तोंडीही चालतं, पण अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्रानं देता येतं. त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. मांजरासाठी एक तृतीयांश पुष्कळ झालं, असं आमच्या गटातली एक ताई म्हणाली. तिच्या घरात पाच आहेत.

आता जरा नीट ऐका, कारण हा भाग मांजर नसलेल्या बायकांसाठीही आहे.

मृत्युपत्र नसेल तर बाईचं कुणाला जातं? हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १५. आधी मुलं, मुली आणि नवरा. ते कुणी नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यानंतर आपले आईवडील. हो, बरोबर ऐकलंत. स्वतः कमावलेलं असलं तरी नवऱ्याचे नातेवाईक आधी, आपली आई नंतर. आईवडिलांकडून वारशानं आलेलं असेल आणि मुलंबाळं नसतील तर ते माहेरी परत जातं, एवढाच त्यात अपवाद. काकींची बचत त्यांनी पापड लाटून केलेली होती. दीर आधीच गेलेले, म्हणून ती पुतण्यांकडे गेली. कायद्यानं ते बरोबरच झालं.

नारायणी देवी नावाच्या बाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९५५ साली लग्न, तीनेक महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, आयुष्यभर पैसे साठवले. १९९६ साली त्या मृत्युपत्र न करता गेल्या. २००९ साली निकाल लागला की त्यांची सगळी शिल्लक ज्या सासरनं बाहेर काढलं त्या सासरच्या नातेवाइकांना. न्यायालय म्हणालं, कायदा असाच लिहिलेला आहे, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं, याच कलमावरच्या एका प्रकरणात, बायकांना आवाहन केलं की तुमचं मृत्युपत्र करून ठेवा. वकीलताईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी एकदम गप्प झाल्या. त्यांना मांजर नाही, पण म्हातारी आई आहे.

"माझ्या नावावर आहे काय, मी काय मृत्युपत्र करू?" हे आम्ही शंभर वेळा ऐकलंय. मोजा तरी. गटातली बचत. बँकेतलं, पोस्टातलं खातं. कानातलं, गळ्यातलं. शेळ्या, कोंबड्या. शिलाई मशीन, फ्रीज, घरघंटी. लग्नात मिळालेलं असो की स्वतः घेतलेलं, कलम १४ प्रमाणे ते बाईचं स्वतःचं आहे आणि ते कुणाला द्यायचं हे तिनं ठरवायचं. घर नवऱ्याच्या नावावर असेल आणि तो गेला असेल तर त्यातला आपला हिस्साही आपला. दुसऱ्याचं मात्र लिहू नका. सासूबाईंची पाटली आपण देऊन टाकू शकत नाही.

नॉमिनीचा गोंधळही इथेच मिटवू. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण त्यानं ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. मृत्युपत्रात एक नाव आणि नॉमिनीत दुसरं असेल तर भांडण ठरलेलं. म्हणून दोन्हीकडे एकच नाव ठेवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्यामुळे मांजर सांभाळणाऱ्या भाचीला त्यात बसवणं आता सोपं झालंय. आणि हो, गटाच्या रजिस्टरमधला रकाना. आम्ही काकींच्या तेराव्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत सगळ्या पंधरा जणींचे बघितले. काकींसारखी आणखी चार नावं मेलेल्या माणसांची निघाली.

आता लिहायचं कसं. स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. स्वतःच्या अक्षरात लिहा, नाहीतर कुणाकडून लिहून किंवा टाइप करून घ्या. खाली सही, सही येत नसेल तर अंगठा. दोन साक्षीदार हवेत. त्यांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं आणि तुमच्यासमोर त्यांनी सह्या करायला हव्यात. आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंच पाहिजे असं नाही, त्यामुळे गावभर होईल ही भीती नको. ज्याला काही मिळणार आहे तिला किंवा तिच्या नवऱ्याला साक्षीदार करू नका, उगाच शंकेला जागा राहते. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण असलेले बरे. आमच्या एका आजींनी दोन्ही साक्षीदार स्वतःच्या वयाचे घेतले होते. आज आजी आहेत, साक्षीदार दोघेही नाहीत.

नोंदणी सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं तर नंतर कुणी 'हे खोटं आहे' म्हणायला धजत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. वय जास्त असेल, आजारपण असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा की बाई शुद्धीत आहे, तिला सगळं कळतंय. तारीख घालायला विसरू नका. मन बदललं तर नवं करा, शेवटचं असतं तेच धरलं जातं.

मांजरांचा मजकूर आम्ही वकीलताईंकडून लिहून घेतला. साधारण असा:

"माझ्याकडे आज दोन पाळीव मांजरं आहेत. मनी नावाची पिवळी-पांढरी मादी आणि बाय नावाची पिवळी मादी. ही, तसेच माझ्या निधनाच्या वेळी माझ्याकडे जी मांजरं असतील ती सर्व, मी माझी भाची हिला देत आहे. त्यांच्या सांभाळासाठी माझ्या बचत खात्यातून अमुक इतके रुपये तिला द्यावेत. तिनं मांजरं स्वीकारली नाहीत, तर ही मांजरं आणि ही रक्कम माझ्या शेजारी राहणाऱ्या अमुक यांना द्यावी."

यात भाचीचं, शेजारणीचं पूर्ण नाव, वय, पत्ता, खात्याचा नंबर आणि बँकेची शाखा घालायची. प्रत्येक वाक्याला कारण आहे. 'निधनाच्या वेळी असतील ती सर्व' हे अशासाठी, की मांजरी दोन महिन्यांत वितात. आज दोन आहेत, उद्या सहा होतील. नुसती नावं लिहिली तर चार पिल्लं कागदाबाहेर राहतात. 'स्वीकारली नाहीत तर' हे सगळ्यात महत्त्वाचं. पैसे घ्यायचे आणि मांजर गोणीत घालून बाजारात सोडायचं, असं व्हायला नको. मांजर घेतलं तर पैसे, नाही घेतलं तर दोन्ही पुढच्या माणसाकडे.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक माणूस मृत्युपत्रातच नेमता येतो. त्याला व्यवस्थापक म्हणतात, इंग्रजीत एक्झिक्युटर. तो मांजर सांभाळणाऱ्यापेक्षा वेगळा असलेला चांगला. गटातली हिशोब करणारी बाई यासाठी उत्तम.

पण खरं सांगायचं तर पैसे घेतल्यावर वहिनी मांजराला रोज बांगड्याचं डोकं देते की वरणभात, हे बघायला कुठलंही कोर्ट स्वयंपाकघरात येणार नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून १९६० चा कायदा आहे. उपाशी मरेल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या वेळेला १० ते ५० रुपये.  तेवढ्यात आज वडापावच्या दोन गाड्यांवर फिरून या. तेव्हा कायद्यावर फार भार टाकू नका, माणूस नीट निवडा.

माणूस निवडताना आमच्या बायका पहिली चूक ही करतात की विचारतच नाहीत. 'माझी भाची करेल, ती मायाळू आहे.' भाची मायाळू आहे, पण ती डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि तिच्या मुलाला दमा आहे. विचारा. तोंडावर विचारा, नाही म्हणायची मोकळीक देऊन विचारा. आणि एकीला नव्हे, दोघींना. प्राण्यांची संस्था लिहायची असेल तर तिथेही आधी जाऊन विचारा. ठिकाणं भरलेली असतात, काही ठिकाणी फक्त कुत्रीच घेतात. संस्था नोंदणीकृत असेल तर तिला पैसे देता येतात, तिचं नोंदणीतलं पूर्ण नाव लिहायला हवं.

किती पैसे ठेवायचे? आम्ही बैठकीत फळ्यावर मांडलं. दोन मांजरं, मासळीचं तोडकंमोडकं, सुकट, अधूनमधून विकतचं खाणं, दिवसाला २५ रुपये धरले. वर्षाचे झाले ९,१२५. लस, जंताचं औषध, एखादं आजारपण धरून वर्षाला ११,०००. घरात नीट राहिलेलं मांजर १२-१५ वर्षं सहज जगतं. म्हणजे मांजर आज सहा-सात वर्षांचं असेल तर आठ वर्षं धरली पाहिजेत. ८८,००० रुपये. फळ्यावर आकडा बघून एक जण म्हणाली, "अगो, एवढे तर मला स्वतःला नाहीत."

खरं आहे. पण पूर्ण खर्च ठेवलाच पाहिजे असं कुठे आहे? काकींचे १८,४०० वहिनींना मिळाले असते तर दीड वर्षांहून जास्त निघालं असतं, आणि मुख्य म्हणजे 'हे तुझं काम आहे आणि तुला ते काकींनी दिलंय' असं गावासमोर झालं असतं. पैसेच द्यायला हवेत असंही नाही. आमच्या गटातल्या एका ताईंनी आपली शेळी आणि आपलं मांजर एकाच बाईला लिहिलंय. शेळी वितील, विकेल, त्यातून मांजराचं निघेल. दुसरीनं फ्रीज लिहिला, कारण 'मासळी ठेवायला लागेल ना तिला'. शेळी गटाच्या कर्जातून घेतलेली असेल तर मात्र कर्ज आधी फिटणार, मग शेळी मिळणार, हे लक्षात ठेवा.

आणि मृत्युपत्रापेक्षा मोठी सोय पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. नसबंदी. दोन मांजरं कुणीही हो म्हणून घेतं, नऊ मांजरं कुणी घेत नाही. मनीची नसबंदी केली असती तर बाय झाली नसती हे खरं, आणि बायवर तर काकींचा जीव होता. पण बायच्या नंतरची सगळी पिल्लं काकी दरवर्षी कुणाकुणाच्या गळ्यात मारत फिरायच्या, तेही आम्ही बघितलंय.

आता जे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं ते सांगतो. वर सांगितलेलं सगळं काकींनी केलं असतं, तरी बाय माळ्यावर कोंडली गेलीच असती.

कारण मृत्युपत्र उघडतं कधी? दिवस झाल्यावर. कागद कपाटात, कपाटाची किल्ली कुणाकडे ते माहीत नाही, मग बँक, मग दाखले. दोन-चार महिने कुठेच गेले नाहीत. आणि मांजराला भूक लागते त्याच संध्याकाळी, साडेपाचला. शिवाय मृत्युपत्र लागू होतं ते माणूस गेल्यावर. काकी सोमवार ते गुरुवार दवाखान्यात होत्या, जिवंत होत्या. ते चार दिवस तर मृत्युपत्राच्या हिशोबातच नाहीत.

म्हणून आम्ही दुसरा एक कागद करायला लागलोय. त्याला कायद्याचं नाव नाही, साक्षीदार लागत नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरशेजारी चिकटवायचा. 'या घरात दोन मांजरं आहेत. मी घरी नसले तर शेजारच्या वहिनींना सांगा, मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे आहे.' मांजरांचं वर्णन, कुठे लपतात, काय खातात, लस कधी दिली. बाय घाबरली की माळ्यावर जाते, हे एक वाक्य त्या दारावर असतं तर कौलं काढावी लागली नसती. याचीच छोटी चिठ्ठी आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा, दवाखान्यात कुणीतरी ते पाकीट उघडतंच. किल्ली खरोखर वहिनींना द्या. आणि दोनेक हजार रुपये त्यांच्या हातात आजच देऊन ठेवा, त्यासाठी मरायची वाट बघायला नको.

कुणी कुणी भाचीबरोबर बँकेत जोडखातं काढतात, दोघींपैकी कुणीही काढू शकेल असं. त्यानं पैसे लगेच हाताला लागतात हे खरं. पण ती तुमच्या हयातीतही काढू शकते, आणि तुमच्यामागे वारस त्या पैशांवर हक्क सांगू शकतात. म्हणून त्यात थोडेच ठेवा आणि त्याचाही उल्लेख मृत्युपत्रात करा.

मांजर घरी आणणाऱ्या बाईसाठी दोन शब्द. मांजर माणसाइतकंच जागेलाही धरून असतं. नव्या घरी आणलं आणि दार उघडं ठेवलं की ते जुन्या घराकडे पळतं. पहिले दोन-तीन आठवडे एका खोलीत ठेवा. जुन्या मालकिणीचं एखादं न धुतलेलं लुगडं किंवा चादर त्यात टाका. वहिनींनी काकींची गोधडी मागून घेतली होती, पुतण्यांनी ती दिली. वाटीभर दूध म्हणजे मांजराचं जेवण नव्हे. मोठ्या मांजरांना दूध पुष्कळदा पचत नाही, पोट बिघडतं. मासळी, अंडं, कोंबडीचे उकडलेले तुकडे द्या. मीठ-मसाला नको. आणि पहिले दोन दिवस खाल्लं नाही तर पशुवैद्यकांना विचारा, 'रागावलंय' म्हणून सोडून देऊ नका.

मनी अजूनही संध्याकाळी काकींच्या पडवीत जाऊन बसते. बंद दारासमोर. अंधार पडला की आपली आपण वहिनींकडे येते. काळा बोका कुठे गेला ते कळलं नाही.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवा मोफत मिळते. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे जायचं, किंवा १५१०० या नंबरावर फोन करायचा. आमच्या पुढच्या बैठकीला वकीलताई येणार आहेत. येताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक, घरपट्टीची पावती आणि तुम्ही ज्यांना साक्षीदार करणार त्या दोघांना घेऊन या. मांजराचा एखादा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तोही, वर्णन लिहायला बरा पडतो. मांजर आणू नका. मागच्या वेळी एका ताईंनी आणलं होतं.